म्हाताऱ्या माणसाचं ऑपरेशन, नंतरचं दुखणं आणि वॉर्डातल्या सिस्टरचे निर्णय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑपरेशनच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आम्हा सिस्टरांच्या टेबलापाशी येऊन नातेवाईक जे विचारतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. गोव्यातलं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) असो, म्हापशाचं आझिलो इस्पितळ असो की फोंड्याचं एखादं खासगी इस्पितळ, प्रश्न सगळीकडे तेच येतात. रुग्ण बहुधा सत्तरीच्या आसपासचा असतो: पावसात शेवाळावरून घसरून खुबा मोडलेली आजी, प्रोस्टेटचं ऑपरेशन झालेले आजोबा, आतड्याचं मोठं ऑपरेशन होऊन आयसीयूतून नुकत्याच वॉर्डात आलेल्या बाई. नव्याने रुजू झालेल्या सिस्टरांचेही काही प्रश्न यात आहेत. नातेवाइकांनी ते वाचले तर बरंच. औषधांच्या मात्रा समजण्यापुरत्या दिल्या आहेत, घरी बसून डोस ठरवायला नव्हेत.

१. ऑपरेशन झालं म्हणजे दुखणारच. आमच्या आबांनी आयुष्यभर सोसलंय, अजून दोन दिवस सोसलं तर काय बिघडलं?

बिघडतं, आणि ते जखमेत नाही, भलतीकडेच. पोटाला टाके असलेला माणूस दुखतं म्हणून खोल श्वास घेत नाही. खोकला आला तर दाबून धरतो. कफ छातीत साठतो आणि चार-पाच दिवसांत न्यूमोनिया होऊ शकतो. दुखतं म्हणून तो कॉटवरून उतरत नाही, मग पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती, पाठीला जखमा. रात्रभर डोळा लागत नाही, जेवण जात नाही, आणि या वयात अशा वेळी डोकंही भरकटतं (प्र. १० पाहा). सोसणाऱ्याचं आपल्याकडे फार कौतुक होतं. वॉर्डात मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते.

दुखणं अगदी शून्यावर आणायचं, असा आमचा हट्ट नसतो. खोल श्वास घेता यावा, धड खोकता यावं, कुशीवर वळता यावं, आधार देऊन संडासापर्यंत चालता यावं, इतकं ते कमी झालं की काम भागतं.

२. आईला विचारलं की ती “कांय ना, बरें आसा” म्हणते. मग तिला दुखतंय हे सिस्टरला कसं कळतं?

नुसतं “दुखतं का?” विचारून कळत नाही. शून्य ते दहामध्ये आकडा सांगा, असं विचारायची पद्धत आहे आणि ती चांगली आहे. पण पुष्कळ आज्यांना दुखण्याला आकडा द्यायचा म्हणजे काय, तेच उमगत नाही. “थोडं, मध्यम, खूप, सोसवत नाही” यांतलं एक निवडायला सांगितलं की त्या लगेच सांगतात. ठणकतं, जळजळतं, ओढ लागते, कळ येते असे शब्द आम्ही आपणहून पुढे ठेवतो. “दुखत नाही गो, जरा ओढतं तेवढं,” असं उत्तर हटकून येतं. आमच्या दृष्टीने ते दुखणंच.

दुसरं म्हणजे हलताना पाहायचं. पडल्या पडल्या प्रसन्न दिसणारी बाई खोकताना कॉटचा दांडा घट्ट पकडते, ओठ मिटून घेते, डावीकडे वळायला सांगितलं तर “मागीर, मागीर” (नंतर, नंतर) करते. नोंद करताना आम्ही पडून असतानाचं दुखणं वेगळं आणि हालचालीचं वेगळं लिहितो. निर्णय बहुतेक वेळा दुसऱ्यावरून होतो.

नाडी आणि बीपी वाढलेलं नाही, म्हणजे दुखत नाही, असं धरायचं नाही. बीपीसाठी मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉल घेणाऱ्याची नाडी दुखलं तरी फारशी वाढत नाही.

एक विनंती. आम्ही विचारत असताना मुलांनी मध्ये उत्तर देऊ नये. मुलगा शेजारी उभा असला की आई कधीच “दुखतं” म्हणत नाही.

३. बाबांना डिमेन्शिया आहे, त्यांना काही सांगताच येत नाही. त्यांचं काय?

अशा रुग्णांसाठी ‘पेनॅड’ नावाची मोजपट्टी वापरतात. श्वास, तोंडातून निघणारे आवाज, चेहरा, शरीराची ठेवण आणि समजूत घातल्यावर शांत होणं अशा पाच गोष्टी पाहायच्या, प्रत्येकीला ० ते २ गुण द्यायचे. बेरीज दहापैकी येते. हे गुण दिवसातून एकदाच भरून भागत नाही. कूस बदलताना, पुसून घेताना, ड्रेसिंगच्या वेळी पाहावं लागतं.

इथे घरच्यांचा उपयोग आमच्याहून जास्त. बाबांना दात दुखला तेव्हा ते काय करायचे? जेवण टाकायचे, चिडायचे, की कोपऱ्यात गप्प बसायचे? हे आम्हाला आल्या दिवशीच सांगा, आम्ही ते फाइलवर लिहून ठेवतो. शंका राहिली तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉलचा ठरावीक डोस देऊन पाहतो. तासाभरात माणूस निवळला, हात झटकणं थांबलं, तर उत्तर मिळालं.

४. कुठलं औषध आणि किती, हे सिस्टर ठरवते की डॉक्टर?

औषध लिहिणं डॉक्टरांचं काम. आपल्याकडे सिस्टरला स्वतःच्या मनाने वेदनाशामक सुरू करता येत नाही. पण लिहिलेली ऑर्डर आणि रुग्णाच्या तोंडात गेलेली गोळी यांच्यामध्ये बरेच निर्णय असतात, आणि ते आमचे. ‘लागल्यास द्यावे’ असं लिहिलंय, तर आत्ता लागतंय का? फिजिओथेरपिस्ट अकराला येणार, तर गोळी दहालाच द्यायची ना? माणूस गुंगीत आहे, तर हा डोस थांबवून डॉक्टरांना कळवायचं का? दिल्यानंतर उतार पडला का, हे परत येऊन कधी पाहायचं? शिरेतून दिलं असेल तर पंधरा ते तीस मिनिटांत, तोंडाने दिलं असेल तर तासाभराने आम्ही पुन्हा विचारतो. औषध देऊन सिस्टर फिरकलीच नाही, तर अर्धंच काम झालं.

‘लागल्यास’ या शब्दाचा त्रास असा की सोसणारा माणूस मागतच नाही. म्हणून मोठ्या ऑपरेशननंतरचे पहिले दोन-तीन दिवस साधी औषधं घड्याळाप्रमाणे आणि जोरदार औषध लागल्यास, अशी ऑर्डर आम्ही डॉक्टरांकडून मुद्दाम मागून घेतो.

५. शेजारच्या कॉटवरच्या तरुण मुलाला मोठा डोस आणि आजीला त्याच्या निम्मा. हा भेदभाव का?

वयाबरोबर शरीरातलं पाणी कमी होतं आणि चरबीचं प्रमाण वाढतं. मूत्रपिंडं आणि यकृत औषध सावकाश बाहेर टाकतात. तेवढ्याच डोसाचा असर जास्त होतो आणि जास्त वेळ टिकतो. म्हणून मॉर्फीनसारखी जोरदार वेदनाशामकं म्हाताऱ्या माणसाला तरुणाच्या पाव ते निम्म्याने कमी करून सुरू करतात आणि परिणाम बघून वाढवतात. सुरुवात लहान, पण थांबायचं तिथेच नाही, हे दुसरं वाक्य पुष्कळदा विसरलं जातं. आजीला निम्मा डोस दिला आणि ती अजून कण्हतेय, तर पुढचा डोस वाढवून घ्यायला डॉक्टरांना फोन करणं हे सिस्टरचं काम आहे.

इथे एक फसवी गोष्ट असते. पंचेचाळीस किलोच्या वाळलेल्या आजीचा क्रिएटिनीन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा) रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो आणि सगळे निश्चिंत होतात. क्रिएटिनीन स्नायूंतून तयार होतं. तिच्या अंगावर स्नायूच नाहीत, मग ते वाढणार कुठून? वय आणि वजन धरून हिशेब केला तर मूत्रपिंड निम्म्यानेच काम करतंय, असं निघू शकतं. मॉर्फीनचे उरलेले घटक अशा शरीरात साठत जातात. तिथे डॉक्टर बहुधा फेंटॅनिल हे दुसरं जोरदार वेदनाशामक निवडतात.

६. सारखं पॅरासिटामॉलच का देता? ते तर तापाचं औषध.

तापाचंही आणि दुखण्याचंही. म्हाताऱ्या रुग्णासाठी पायाचं औषध हेच. पोटाला, मूत्रपिंडाला, शुद्धीला त्रास नाही, आणि नियमित दिलं की मॉर्फीनसारखं औषध कमी लागतं. आकडा दोनवर असताना दिलं तर दोनवरच राहतं. आठवर गेल्यावर एकट्या पॅरासिटामॉलने काही होत नाही आणि मग लोक म्हणतात, हे औषध कामाचं नाही.

धडधाकट मोठ्या माणसाला चोवीस तासांत जास्तीत जास्त ४ ग्रॅम चालतं. पन्नास किलोच्या आतला, अशक्त, यकृत बिघडलेला किंवा रोज पिणारा असेल तर डॉक्टर ते २ ते ३ ग्रॅमवर आणतात. एका वेळचा डोस किलोमागे १५ मिलिग्रॅम. म्हणून ४० किलोच्या आजीला शिरेतून पूर्ण १ ग्रॅमची बाटली सोडायची नसते, ६०० मिलिग्रॅम पुरतात. बाटली लावण्याआधी वजन विचारणारी सिस्टर दिसली तर तिच्यावर वैतागू नका.

खरा धोका छुप्या पॅरासिटामॉलचा. डोलो, क्रोसिन, कॅल्पॉल ही नावं सगळ्यांना ठाऊक आहेत. पण कॉम्बिफ्लॅममध्येही ते आहे, अल्ट्रासेटमध्येही आहे, आणि सर्दीच्या बहुतेक गोळ्यांतही. वॉर्डातून मिळतंय ते वेगळं आणि पिशवीतून निघतंय ते वेगळं, असं झालं की हिशेब चुकतो.

७. आमचे गावचे डॉक्टर कमरेत एक इंजेक्शन देतात आणि लगेच बरं वाटतं. तेच इथे का देत नाही?

ते बहुधा डायक्लोफेनॅक. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अॅसेक्लोफेनॅक, केटोरोलॅक हे सगळे एकाच घराण्यातले. दुखण्यावर जोरदार, पण सत्तरीच्या माणसाच्या पोटात रक्तस्राव करण्याची, मूत्रपिंड बसवण्याची आणि हृदयाच्या रुग्णाच्या अंगात पाणी धरून ठेवण्याची त्यांची खोड आहे. बीपीची रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन, लघवी होण्याची गोळी, आणि वर हे इंजेक्शन असं तिहेरी जमलं, त्यात ऑपरेशनमुळे पाणीही कमी पडलं, की लघवी दोन दिवसांत निम्म्यावर येऊ शकते. गोव्यात बीपीची गोळी नसलेला सत्तरीचा माणूस मला क्वचितच भेटतो.

म्हणजे कधीच द्यायचं नाही, असं नाही. मूत्रपिंड चांगलं, पोटात अल्सर नाही, रक्त पातळ करण्याची गोळी नाही, तर थोड्या दिवसांसाठी, कमीत कमी डोसात, पोटाच्या गोळीसह डॉक्टर ते देतात. केटोरोलॅक पासष्टीपुढे दिवसाला ६० मिलिग्रॅमच्या वर आणि पाच दिवसांपलीकडे देत नाहीत. देण्याआधी सिस्टर चार गोष्टी पाहते: लघवी किती झाली, क्रिएटिनीन किती, काळं शौच झालं का, आणि घरी रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे का. एकातही गडबड दिसली तर ती डोस धरून ठेवते आणि फोन करते.

८. मॉर्फीन लिहिलंय. म्हणजे आता शेवटचं का? आणि व्यसन लागलं तर?

दोन्ही नाही. मोठं हाड जोडलं, पोट उघडलं तर पहिले काही दिवस मॉर्फीन किंवा फेंटॅनिल देणं ही रोजचीच बाब आहे. ऑपरेशनच्या दुखण्यासाठी थोडे दिवस, देखरेखीखाली घेतलेल्या औषधाचं व्यसन लागणं फार क्वचित. ज्याला आधीपासून दारूचं किंवा इतर व्यसन आहे, त्याची गोष्ट वेगळी. ते आम्हाला आधी सांगा (प्र. ११).

सिस्टर कपाटाला दोन कुलपं लावते, वहीत सही करते, इंजेक्शनची रिकामी कुपी (अँप्युल) जपून ठेवते, याचं कारण कायदा. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली या औषधांच्या थेंबाथेंबाचा हिशेब लागतो. २०१४ च्या दुरुस्तीने रुग्णालयांना ती ठेवणं सोपं झालं, पण नोंद सुटली नाही. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामकही २०१८ पासून याच कायद्याखाली आलं. तेव्हा कपाट उघडायला दोघी येतात, त्यात तुमच्यावर संशय नसतो.

ट्रॅमाडॉलला लोक ‘हलकं’ समजतात. म्हाताऱ्यांच्या बाबतीत मला ते तितकंसं हलकं वाटत नाही. मळमळ, चक्कर, गोंधळ, कधी सोडियम उतरणं, आणि ज्याला फिट येतात त्याला फिट. पंचाहत्तरीपुढे दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या वर जात नाहीत, आणि बहुतेकांना त्याच्या कितीतरी कमी पुरतं.

९. इंजेक्शननंतर आजोबा सारखे झोपलेले असतात. आराम मिळतोय, झोपू द्यायचं ना?

हाक मारून पाहा. हाकेसरशी डोळे उघडले, धड उत्तर दिलं आणि पुन्हा डोळे मिटले, तर ती झोप. बोलता बोलता मान पडत असेल, खांदा हलवल्याशिवाय जाग येत नसेल, तर सिस्टरला तत्काळ बोलवा. ही झोप नव्हे.

मॉर्फीनसारख्या औषधाने श्वास मंदावण्याच्या आधी माणूस गुंगतो, म्हणून आम्ही आकड्याआधी शुद्ध पाहतो. दुखण्याचा आकडा आठ आहे आणि माणूस जागा राहत नाही, तर पुढचा डोस देत नाही. मिनिटाला दहापेक्षा कमी श्वास आणि जाग येत नाही, तर औषध बंद, ऑक्सिजन, डॉक्टर, आणि मॉर्फीनचा असर उतरवणारं नॅलॉक्सोन तयार. नॅलॉक्सोन पातळ करून थोडं थोडं देतात. एकदम दिलं तर सगळी वेदना एका झटक्यात परत येते. त्याचा असर अर्धा ते दीड तास, मॉर्फीनचा त्याहून जास्त. म्हणजे जागे झाले म्हणून पाठ फिरवायची नाही, पुन्हा गुंगतील.

बोटाला लावलेलं यंत्र ९८ दाखवतंय, मग ठीक आहे, असं नातेवाईक म्हणतात. ऑक्सिजन चालू असताना श्वास मंदावला तरी तो आकडा बराच वेळ छान दिसतो. आम्ही छातीकडे बघून पूर्ण मिनिट श्वास मोजतो. घोरणाऱ्या, झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसाबद्दल आधी सांगा, आणि घरी रात्री लावायचं मशीन असेल तर ते इस्पितळात घेऊन या.

१०. ऑपरेशनच्या दुसऱ्या रात्री आजी भलतंच बोलायला लागली, मेलेल्या माणसांना हाका मारते. पेनकिलर बंद करा ना!

औषधामुळे असू शकतं, पण बंद करणं हा पहिला उपाय नव्हे. खुबा मोडलेल्या बाईचं दुखणं अर्धवट शमवलं तर त्यानेही असंच होतं, आणि औषध थांबवलं की गोंधळ वाढतो. म्हणून आम्ही एकेक करून बघतो. लघवी तुंबली का? ओटीपोट टणक लागतं, लघवीची नळी काढून काही तास झालेले असतात. शौचास किती दिवस नाही? ताप, छातीत कफ, ऑक्सिजन, साखर, सोडियम? चष्मा आणि कानाचं यंत्र कुठे आहे? ते बहुतेक वेळा घरी कपाटात असतं. उलटी किंवा खाजेसाठी फेनरगन, अॅविल दिलं गेलं का? म्हाताऱ्यांत ही दोन गोंधळाला हमखास कारण होतात. झोपेची गोळी नव्याने सुरू झाली, की रोजची अचानक बंद झाली?

एवढं पाहून झाल्यावर मग वेदनाशामकाचा विचार: डोस कमी, औषध बदल, पॅरासिटामॉल नियमित, शक्य असेल तर नस बधिर करणं.

गडबड करणारी आजी सगळ्यांच्या लक्षात येते. गप्प पडून राहणारी, जेवायला नको म्हणणारी, भिंतीकडे तोंड करून असलेली येत नाही. तीही गोंधळलेलीच असू शकते. “कालपासून आई आई वाटत नाही,” एवढं जरी कुणी म्हणालं तरी आम्ही ते गंभीरपणे घेतो.

हात बांधू नका. रात्री घरचं एक ओळखीचं माणूस जवळ बसलं तर इंजेक्शनापेक्षा जास्त उपयोग होतो.

११. आबा रोज संध्याकाळी थोडी फेणी घेतात. हे सिस्टरला सांगायलाच हवं का? लाज वाटते.

सांगायलाच हवं, आणि ‘थोडी’ म्हणजे किती तेही. आम्ही पोलीस नाही आणि भटजीही नाही. काजूची असो वा माडाची, फेणीत अल्कोहोल साधारण ४२ टक्क्यांपर्यंत असतं. रोज दोन पेग घेणारा माणूस ऑपरेशनसाठी भरती झाला की दारू एकदम तुटते. सहा ते चोवीस तासांत हात कापणं, घाम, बेचैनी, आणि दोन-तीन दिवसांनी भास, फिट, जिवावर बेतण्याइतका गोंधळ होऊ शकतो. हे सगळं दुखण्यासारखंच दिसतं. नाडी वाढलेली, माणूस तळमळतोय, सिस्टर दुखतंय समजून मॉर्फीन देते. खरं औषध वेगळंच असतं, आणि उशीर महागात पडतो.

शिवाय पॅरासिटामॉलची मर्यादा कमी करावी लागते (प्र. ६), पोटातल्या रक्तस्रावाचा धोका वाढतो (प्र. ७), आणि वॉर्डात कुणी गुपचूप बाटली आणून दिली तर गुंगीच्या औषधावर ती जीवघेणी ठरते. मार्च-एप्रिलमध्ये उर्राकचे, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचे, दिवस असतात. त्या काळात भरती होणाऱ्यांना आम्ही हा प्रश्न दोनदा विचारतो. एकदा बायकोसमोर, एकदा एकटं असताना. उत्तरं वेगळी येतात.

१२. घरी चालू असलेल्या कुठल्या गोळ्यांबद्दल आवर्जून सांगायचं?

सगळ्याच दाखवा, पाकिटासकट. ‘पांढरी, लहान, सकाळची’ यावरून काही कळत नाही. त्यातही पुढच्या विसरू नका. रक्त पातळ करणाऱ्या, कारण कमरेतल्या इंजेक्शनने आत रक्त साठतं. रोजची अल्प्राझोलामसारखी झोपेची, कारण मॉर्फीनबरोबर गुंगी दुप्पट आणि अचानक बंद केली तर गोंधळ. डिप्रेशनची, कारण एसिटालोप्राम किंवा सर्ट्रालीनबरोबर ट्रॅमाडॉल जमलं की थरथर, ताप, बेचैनी होऊ शकते. नसांच्या दुखण्याची गॅबापेंटिन, प्रिगॅबालिन, कारण तीही गुंगी आणि तोल जाणं वाढवतात. आयुर्वेदिक काढे, गुटी, गुडघ्यासाठी टीव्हीवर बघून मागवलेली पावडर हेही ‘औषध’च धरा.

१३. पाच दिवस पोट साफ नाही. पेज खाऊनही नाही. इसबगोल देऊ का?

मॉर्फीन, ट्रॅमाडॉल, कोडीन या औषधांनी आतडं सुस्तावतं. मळमळ आणि गुंगी काही दिवसांत सवयीने कमी होते, बद्धकोष्ठता मात्र कमी होत नाही. म्हणून ही औषधं सुरू झाली त्याच दिवशी आतड्याला चालना देणारी बिसाकोडिल किंवा सोनामुखीची गोळी सुरू व्हायला हवी. लिहिलेली नसेल तर सिस्टरने मागून घ्यावी.

इसबगोल अशा वेळी नको. माणूस पाणी कमी पितोय, आतडं हलत नाही, आणि वरून फुगणारा भुसा टाकला तर गोळा अडकतो. पोट फुगलंय, वारा सरत नाही, उलटी होतेय, तर घरगुती काहीच करू नका, आधी डॉक्टर. पातळ थोडं थोडं होतंय म्हणून ‘जुलाब’ समजून औषध बंद करणारेही भेटतात. पुष्कळदा तो साठलेल्या मळाच्या कडेने आलेला ओघळ असतो.

१४. पाठीत बारीक नळी घातलीय आणि हातात बटण दिलंय. आजी दाबत नाही, आम्ही दाबलं तर?

नाही. कुणीही नाही, मुलगी डॉक्टर असली तरी नाही. बटण दाबलं की औषध सोडणाऱ्या त्या पंपाची सुरक्षितता एवढ्यावरच उभी आहे की गुंगलेला माणूस बटण दाबू शकत नाही. आजीला बटण समजत नसेल तर ते सांगा, पद्धत बदलता येते.

पाठीतल्या नळीने पाय थोडे जड वाटणं, बीपी किंचित उतरणं अपेक्षित असतं. पाय हलवताच येत नाही, सुन्नपणा वर सरकतोय, पाठीत नवीन जोरात कळ, तर लगेच सांगायचं. नव्या सिस्टरांसाठी: ही नळी असताना रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनची वेळ भूलतज्ज्ञाला विचारल्याशिवाय ठरवायची नाही. लो मॉलिक्युलर वेट हेपॅरिन या रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनचा प्रतिबंधक डोस दिल्यावर बारा तास नळी काढत नाहीत, आणि काढल्यावर पुढच्या डोसाला किमान चार तास थांबतात.

१५. काल बरं होतं, आज अचानक खूप दुखतंय. डोस वाढवून मिळेल का?

आधी कारण, मग डोस. उतरत चाललेलं दुखणं उलटं चढलं तर जखम उघडून पाहावी लागते. पोटरी एकाच बाजूची दुखते, सुजली, तर गुठळी. प्लास्टरच्या आतलं दुखणं औषधाला दाद देत नाही, बोटं हलवून पाहताना किंकाळी येते, तर आतला दाब वाढलाय आणि तासांचा हिशेब आहे. छातीत जडपणा आणि घाम, तर ईसीजी. मधुमेही माणसाला हृदयविकाराच्या झटक्यात छातीत न दुखता नुसती दमणूक किंवा मळमळही होऊ शकते. ओटीपोटात दुखून अस्वस्थ, तर लघवी तुंबली असेल. एक नळी घातली की माणूस हसतो, तिथे मॉर्फीन दिलं असतं तर अजून तुंबली असती.

तपासेपर्यंत तळमळत ठेवायचं, असा याचा अर्थ नाही. औषधाने पोटाची लक्षणं ‘झाकली जातात’ ही जुनी भीती आहे. डॉक्टरांना कळवून डोस आणि तपासणी बरोबरीने चालू शकतात.

१६. मी नवीन सिस्टर. ऑर्डरमध्ये पॅरासिटामॉल, ट्रॅमाडॉल आणि फेंटॅनिल तिन्हीपुढे ‘लागल्यास’ लिहिलंय. आधी कुठलं?

अशी ऑर्डर स्वीकारूच नका. केव्हा कुठलं, किती अंतराने, दिवसाला कमाल किती, हे लिहून मागा. रात्री दोन वाजता रेसिडेंट डॉक्टर वैतागेल, वैतागू द्या. पॅरासिटामॉल नियमित करून घ्या. ट्रॅमाडॉल आणि फेंटॅनिल दोन्ही एकदम चालू ठेवायचं कारण विचारा.

फोनवर ऑर्डर आली तर लिहून घ्या, औषध, मात्रा आणि मार्ग तिथल्या तिथे परत वाचून दाखवा, आणि नंतर सही घ्या. डोस थांबवला असेल तर ‘दिला नाही’ एवढं पुरेसं नाही. शुद्ध कशी, श्वास किती, कुणाला कळवलं, ते काय म्हणाले, हे वेळेसह लिहा. पुढच्या पाळीतल्या बाईला त्यावरच निर्णय घ्यायचा असतो.

१७. मुलगा इंग्लंडमधल्या स्विंडनहून आलाय, चांगल्या गोळ्या घेऊन आलाय. त्या दिल्या तर चालतील?

पाकीट आधी आम्हाला दाखवा. इंग्लंडहून येणाऱ्या गोळ्यांत को-कोडामॉल हमखास असते, तिच्यात पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम आणि कोडीन. वॉर्डातल्या औषधांबरोबर ती घेतली की दोन्हींचा डोस दुप्पट. दुबई-मस्कतहून येणाऱ्या मलमांचं मात्र फारसं वाकडं नाही, उघड्या जखमेवर आणि टाक्यांच्या जवळ लावू नका म्हणजे झालं.

१८. घरी गेल्यावर गोळ्या कशा कमी करायच्या?

ज्या क्रमाने चढवल्या त्याच्या उलट. आधी ट्रॅमाडॉलसारखी, मग सुजेची असेल तर ती, आणि पॅरासिटामॉल सगळ्यात शेवटी. सामान्यपणे घरी दिलेल्या जोरदार गोळ्या थोड्याच दिवसांच्या असतात. संपल्यावर पुन्हा आणायची गरज भासली तर दुकानात नव्हे, डॉक्टरांकडे जा. चालायच्या व्यायामाआधी तासभर गोळी घेतली तर व्यायाम होतो. उरलेल्या गोळ्या शेजारणीच्या गुडघ्याला देऊ नका.

हाकेला जाग येत नाही, काळं शौच, बारा तासांत लघवी नाही, छातीत दुखणं, यांतलं काही झालं तर थांबायचं नाही, १०८ ला फोन. सत्तरी किंवा सांगे तालुक्यातल्या आतल्या वाड्यावर गाडी पोचायला वेळ लागतो, हा हिशेब धरून लवकर करा.

१९. गोळी गिळवत नाही. कुटून मधातून दिली तर?

साधी गोळी असेल तर विचारून चालेल. नावापुढे एसआर किंवा ईआर असेल तर कधीच नाही. बारा किंवा चोवीस तासांत हळूहळू सुटायचं औषध एकदम पोटात उतरतं. आम्हाला सांगा, पातळ औषध किंवा विरघळणारी गोळी बहुतेक वेळा मिळते.

२०. कॅन्सरच्या एका रुग्णाला दुखण्याची पट्टी लावलेली पाहिली. आजीला टाक्यांसाठी तीच लावता येईल?

फेंटॅनिलची पट्टी ऑपरेशनच्या ताज्या दुखण्यासाठी नसते. ज्याच्या शरीराला अशा औषधाची सवय नाही, त्याचा श्वास तिने थांबू शकतो. असर यायला बरेच तास आणि काढल्यावरही उतरायला बरेच तास, म्हणजे रोजच्या बदलत्या दुखण्याला ती जुळतच नाही.

ज्यांना आधीपासून पट्टी आहे आणि आता ऑपरेशन झालंय, त्यांनी ती कुठे लावली आहे हे भरती होतानाच दाखवावं. पाठीवरची पट्टी कपड्यांखाली राहते, कुणाला दिसत नाही आणि वरून मॉर्फीन सुरू होतं. पट्टीवर गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही, उष्णतेने औषध जास्त शोषलं जातं. ताप चढला तरी हेच होतं. वापरलेली पट्टी चिकट बाजू आत घडी करून सिस्टरकडे द्या.

२१. बाबांना पार्किन्सन आहे आणि मॉर्फीनने उलट्या होतात. उलटीचं नेहमीचं इंजेक्शन चालेल?

नेहमीचं म्हणजे मेटोक्लोप्रामाइड असेल तर नाही. त्याने पार्किन्सन बळावतो, अंग आखडतं. प्रोक्लोरपेराझिनही नको, आणि गोंधळासाठी सर्रास वापरलं जाणारं हॅलोपेरिडॉलही नको. डॉक्टर बहुधा ऑन्डान्सेट्रॉन किंवा डोमपेरिडोन लिहितात. ऑन्डान्सेट्रॉननेही बद्धकोष्ठता होते, तेव्हा प्र. १३ लक्षात असू द्या.

त्यांची पार्किन्सनवरची लेव्होडोपाची गोळी ऑपरेशनच्या दिवशीही ठरल्या वेळी मिळते ना, हे भरतीच्या वेळीच विचारून घ्या. ती चुकली की अंग ताठतं, हलवताना माणूस ओरडतो, आणि ते दुखणं समजून वेदनाशामक वाढवलं जातं. वेळांचा कागद लिहून कॉटशी लावा. आठ, बारा, चार, आठ असं जे असेल ते. वॉर्डाच्या औषधफेरीच्या वेळा त्याच्याशी जुळत नाहीत, आणि सिस्टरला ती गोळी वेगळी काढून ठेवावी लागते.